टर्मिनलची पट्टी काढली

शनिवार, रात्री उशिरा

आज करायचं होतं भलतंच आणि अख्खी संध्याकाळ गेली टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोच्या, डोक्यावरची नावाची पट्टी काढण्यात. लॅपटॉप छोटा, त्यात ती पट्टी दीड-दोन ओळींची जागा अडवून बसलेली, आणि तिच्यातलं ते फुलीचं बटण मी शेवटचं कधी दाबलं तेही आठवत नाही, सगळं कीबोर्डवरच चालतं माझं, वर मी कधी बघतच नाही.

माझं टर्मिनल ॲलाक्रिटी, त्यात खरं तर एका ओळीचं काम. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, विंडोच्या भागात डेकोरेशन्स, तिथे फुल असतं त्याचं नन करायचं, झालं. पण माझी फाइल होती जुनी, यामल नावाच्या पद्धतीने लिहिलेली, आणि ॲलाक्रिटीच्या 0.13 आवृत्तीपासून यांनी टॉमल ही दुसरी पद्धत धरलीय, मग आधी मायग्रेटची कमांड मारून फाइल बदलून घेतली. नन लिहिलं तर एरर. यामलमध्ये अवतरण चिन्हं नसली तरी खपायचं, टॉमलला मजकूर अवतरणातच लागतो. अर्धा तास गेला यात, कुणाला सांगायची सोय नाही.

पण पट्टी गेली आणि काय मस्त दिसायला लागलं! नुसती अक्षरं. विंडो हलवायला आता सुपर (विंडोजच्या चिन्हाची की) दाबून माउसने ओढायचं, आणि कडाच उरल्या नाहीत म्हणून लहानमोठी करायला ग्नोममध्ये (माझ्या लिनक्सचा डेस्कटॉप) ऑल्ट एफ8. (वेलँडवर, म्हणजे लिनक्समध्ये विंडो पडद्यावर दाखवायच्या नव्या पद्धतीत, ग्नोम ही पट्टी स्वतः आखून देत नाही, ज्या त्या प्रोग्रामने आपली आखायची, म्हणून ॲलाक्रिटीची पट्टी बाकीच्यांपेक्षा जराशी वेगळी दिसायची, तेही मला खुपायचंच. केडीई हा दुसरा डेस्कटॉप मात्र स्वतः आखून देतो.)

मग साडेनऊला घोळ झाला. दोन विंडो उघड्या, एक लॅपटॉपची, दुसरी एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लांबच्या मशीनवर कमांड चालवायच्या सोयीने, माझ्या टेस्ट सर्व्हरवर. लॅपटॉप समजून रीबूट मारला आणि लॅपटॉप ढिम्म. दुसऱ्या क्षणी कनेक्शन तुटलं तेव्हा पोटात गोळा आला. टेस्टचा होता म्हणून निभावलं.

मी वर कधी बघतच नाही असं छातीठोकपणे म्हणत होतो ना, तर बघत होतो. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, दर प्रॉम्प्टला (कमांड टाइप करायच्या आधी ओळीच्या सुरुवातीला येतो तो मजकूर) टर्मिनलला एक एस्केप कोड, म्हणजे न दिसणारी सूचना, पाठवतं, त्यात युजर आणि मशीनचं नाव असतं, आणि ते दिसतं कुठे तर त्याच पट्टीत. प्रॉम्प्टमधून ते नाव मीच मागे कधीतरी छाटलेलं, दोन्हीकडे नुसता एक बाण, कारण काय तर वर दिसतंच की. डेकोरेशन म्हणे!

पट्टी परत आणली नाही. एसएसएचवर असलो तरच मशीनचं नाव प्रॉम्प्टमध्ये लाल रंगात यावं असं करून ठेवलंय, म्हणजे वरची दीड ओळ वाचली आणि आता सर्व्हरवर दर ओळीला दहा-बारा अक्षरं जातायत. जाऊ देत.