लिनो-नोंद: उलटी वाहिलेली गोदावरी

मागच्या नोंदीतला विमानातून दिसणाऱ्या नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, रिडक्शन प्रिंट (लिनोलियमचा एकच तुकडा टप्प्याटप्प्याने कोरत एकावर एक रंग छापलेलं चित्र) बाद झाला. बाराच्या बारा कागद. आज दुसऱ्या लिनोवर तिसरा रंग चढला, तेव्हा आधी बाद का झाला ते सांगून टाकतो.

फेब्रुवारीत अण्णांना घेऊन चिकलठाण्याहून मुंबईला ताईकडे गेलो. त्यांचा पहिलाच विमानप्रवास. मुद्दाम डावीकडची खिडकी घेतली, कारण विमान पश्चिमेला लागलं की जायकवाडीचं पाणी त्याच अंगाला येतं. मोबाइलचे फोटो निम्मे वाया गेले, फोकस खिडकीवरच्या ओरखड्यांवर. उरलेल्यांवर निळसर धूसर झाक. त्यातला एक निवडला.

लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि गाउज, म्हणजे कोरणी, सरसर चालते. त्या नादात फोटो बटर पेपरवर उतरवला, पण उलटवायचं राहिलं. ठसा उलटा येतो हे आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. चार रंग चढले तरी मला पत्ता नाही. पाण्याला काय डावं-उजवं! दोरीवर वाळत घातलेल्या कागदांपुढे अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आरं, गोदावरी नाशिककडं चालली की ही! भिंत नेवाशाकडं कामून गेली?"

त्या खिडकीतून आपण दक्षिणेला बघत असतो. म्हणजे पैठणची भिंत डाव्या हाताला हवी. दहाएक किलोमीटरची मातीची भिंत मी पश्चिमेला नेऊन ठेवली होती.

मग त्यांनी दुसरी चूकही काढली. पाण्याच्या कडेची हिरवी पट्टी मी शेवाळ समजून एका सपाट रंगात उडवली होती. ती गाळपेर. धरणाचं पाणी उतरतं तसतशी उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली पिकं. त्यामुळे पट्टीला काठाकाठाने पायऱ्या असतात, पाण्यालगतचं पीक कोवळं आणि वरचं जून. फोटो मोठा करून बघितला, खरंच होत्या. मी तोच फोटो तीन आठवडे समोर ठेवून कोरत होतो.

नव्या ब्लॉकवर, म्हणजे लिनोच्या नव्या तुकड्यावर, सुरुवातीलाच आमच्या गावाच्या जागी एक छोटा खड्डा कोरलाय. जायकवाडीच्या पाण्याखाली शंभरावर गावं गेली, त्यात आमचं एक. धरणाची पायाभरणी १९६५ची, लोकार्पण १९७६चं. अण्णा गाव सोडताना नऊ वर्षांचे होते. विमानात त्यांनी काचेवर बोट ठेवून "हितं कुठंतरी" एवढंच म्हटलं होतं. रिडक्शनमध्ये एकच ब्लॉक कोरत-छापत जातो, त्यामुळे कागदाचा पांढरा ठेवायचा तर पहिल्या रंगाआधीच कोरावा लागतो, मागाहून काही करता येत नाही. म्हणून या वेळी बटर पेपर पुढे केला आणि जागा दाखवा म्हटलं. पेन्सिल तीनदा सरकली. शेवटी भिंतीपासून बोटांनी मोजून त्यांनी टिंब दिलं. उन्हाने चमकणाऱ्या पाण्याचे ठिपकेही पांढरेच ठेवलेत, त्यामुळे प्रिंटमध्ये गावाचं टिंब वेगळं कळत नाही. मी वेगळं करणारही नाही.

आता रंग. पहिला फिका पिवळा, काढणीला आलेल्या शाळूचा. दुसरा पाण्याचा करडा निळा. पिवळ्यावर तो हिरवट व्हायला लागला, म्हणून पांढरी शाई भरपूर घालून दाट केला. तिसऱ्या हिरव्याला वेळ गेला. डब्यातला सरळ हिरवा लावलेला पहिला कागद बघून अण्णा म्हणाले, "हा पोपट हाय." थोडा पिवळा आणि चिमूटभर तांबडा घातल्यावर मान हलली. प्रेस नसल्याने छपाई अजून पळीच्या पाठीने घासूनच चाललीय. कागद बसवायला पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवलाय, तरी दोन कागद सरकले. बारापैकी दहा उरले.

ऑफसेटची शाई आहे, चार-पाच दिवस तरी दोरीवर राहतील. पुढे तपकिरी आणि शेवटी काळी माती. निव्वळ काळा लावायचा नाही हे पहिल्या प्रयत्नात कळलं, जमिनीला भोकं पडल्यासारखी दिसतात. वरून ती माती जांभळट दिसते. काळ्यात तांबडा आणि निळा घालून तुकड्यांवर बघतोय. अण्णांच्या मते अजून निळा जास्त आहे.