कांद्याचा डीएनए आणि स्टोअरची खिडकी

बी.एस्सी.ला बायोटेक घेतलं की कांद्यातून डीएनए वेगळा काढायचं प्रॅक्टिकल वाट्याला येतंच. कांद्याची सोलापुरात काय कमी! मीठ, भांडी घासायचं लिक्विड, ६० अंशांचं पाणी, गाळणं, एवढं पटकन उरकतं. खरं प्रॅक्टिकल होतं ते आमच्या कॉलेजच्या केमिकल स्टोअरच्या खिडकीपाशी.

शेवटच्या पायरीला गार इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, लागतं. ते दारूबंदी कायद्याखाली येतं, म्हणून कपाट वेगळं, रजिस्टर वेगळं. नियम मान्य. पण इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, सरांची सही आणली तर एचओडींची (विभागप्रमुखांची) पाहिजे, ती आणली तर किती एमएल ते लिहिलेलं नाही, लिहून नेलं तर चावीवाले जेवायला गेलेले.

"काका, अजून किती वेळ?"

"थांब की पोरी, कांदा काय पळून चाललाय?"

कांदा नाही, पण डीएनए चालला होता ना! पेशी फुटल्या की त्यातली डीएनेझ नावाची एन्झाइम्स मोकळी होतात आणि डीएनएची साखळी तोडत सुटतात. त्यांना थोपवायला बर्फ, आणि मार्चातल्या सोलापुरात बर्फ टिकणार किती? अल्कोहोल फ्रीझरमध्ये ठेवलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय कांद्याला सुरी लावू नका.

शेवटी लॅबच्या मॅडमनी सुचवलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. ते साध्या रॅकवरच होतं! इथेनॉल द्रावणाच्या दुप्पट-अडीचपट घालावं लागतं, हे साधारण तेवढ्यास तेवढं पुरतं. मिठाचा अंश जास्त खाली बसतो आणि तो धुवायला पुन्हा ७० टक्के इथेनॉलच लागतं, पण जर्नलपुरते धागे मिळाले. नळीच्या कडेनं हळू ओतलं, दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू आले आणि त्या खिडकीचा राग घटकाभर विसरले.

मीठ कशाला, हे एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) हमखास विचारतात. डीएनएच्या साखळीची एकेक कडी म्हणजे न्यूक्लिओटाइड; त्यात शर्करा, नायट्रोजन बेस आणि फॉस्फेट. फॉस्फेटवर ऋण भार असतो, मिठातलं सोडियम तो झाकतं, मग अल्कोहोलात डीएनए विरघळलेला राहत नाही. "डीएनएचं दुहेरी सर्पिल दिसलं" असं मात्र तोंडी परीक्षेत म्हणू नका. त्याची जाडी २ नॅनोमीटर. काडीवर येतो तो असंख्य रेणूंचा गुंता, त्यात आरएनए आणि प्रथिनंही.

प्रथिनं कमी करायला अल्कोहोलच्या आधी अननसाचा रस घाला. ताजाच, डबाबंद अननस तापवलेला असतो, त्यातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम निकामी झालेलं असतं.