वलंदेजांचे चेहरे

वेंगुर्ल्यात कॅम्पच्या भागात डच वखारीचे अवशेष आहेत. जाड भिंती, त्यांच्यावर वाढलेली झाडं, चिऱ्यांच्या फटीत शिरलेली मुळं. मी चित्रकलेची शिक्षिका होते, तेव्हा आठवी-नववीच्या मुलांना दरवर्षी तिथे स्केचिंगला घेऊन जायचे. विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने १६३७ साली डच इथे आले, पोर्तुगीजांच्या गोव्यावर नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना इथून रसद मिळे, हे मी मुलांना सांगायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ती माणसं दिसायची कशी?" जुन्या मराठी कागदांत त्यांना वलंदेज म्हटलंय, एवढंच मी सांगू शकले. भिंती होत्या, नाव होतं, चेहरा मात्र माझ्याकडे एकही नव्हता.

तो प्रश्न बरीच वर्षं मनात राहिला. गेल्या वर्षी भाचीकडे नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टेलफेनला गेले, तेव्हा तिने आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियमची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ते पाहिलंच, पण मला खरं जायचं होतं हार्लेमला, सतराव्या शतकातला डच व्यक्तिचित्रकार फ्रान्स हाल्स याच्याकडे. एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, आमच्या सरांनी त्याच्या एका चित्राची छापील प्रत फळ्यावर लावली होती. "नाक-डोळे जुळले की पोर्ट्रेट झालं असं समजू नका," असं सर म्हणाले होते, "हा माणूस कुठे थांबलाय ते बघा." त्या वयात त्यातलं काही कळलं नव्हतं.

आम्स्टरडॅमहून हार्लेम आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्टेशनवरून चालत ग्रोटे मार्क्ट, म्हणजे मोठा चौक. तिथल्या सेंट बावोच्या चर्चमध्ये हाल्सची कबर आहे. चर्चमधला भव्य ऑर्गन १७३८ सालचा, दहा वर्षांच्या मोझार्टने तो वाजवला होता. भाचीला त्याच्यासाठी थांबायचं होतं, मला पुढची घाई. चौकापासून दक्षिणेला चालत गेलं की ग्रोट हायलिखलांड नावाची अरुंद गल्ली लागते. तिथल्या जुन्या विटांच्या इमारतीत १९१३पासून हाल्सचं संग्रहालय आहे. ही इमारत मुळात निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम होती, १६०९ साली उघडलेला. पुढे या गोष्टीने मला फार अस्वस्थ केलं.

आत गेल्यावर पहिला धक्का आकाराचा बसतो. भिंतभर पसरलेली चित्रं आणि त्यातली माणसं जवळजवळ आपल्याच मापाची. हार्लेमच्या नागरिकांची संरक्षक दलं होती. अधिकाऱ्यांची नेमणूक तीन वर्षांची असे आणि मुदत संपली की मोठी मेजवानी. तिची आठवण म्हणून चित्र काढून घेत. या मेजवान्या इतक्या लांबायच्या की १६२१ साली नगरपालिकेला हुकूम काढावा लागला, तीन किंवा फार तर चार दिवसांत आटपा.

इथेच कोर्नेलिस कोर्नेलिस्झ याने १५८३ साली काढलेलं अशाच मेजवानीचं चित्र आहे. ते आधी पाहिलं हे बरं झालं. चांगलं चित्र आहे, पण डोक्याला डोकं लागलेलं. निरोप समारंभाला शाळेच्या पायरीवर शिक्षकांचा फोटो काढतात ना, तसं. वर्गणी भरलेल्या प्रत्येकाचा चेहरा दिसलाच पाहिजे, हा पेच चित्रकाराच्या मानगुटीवर बसलेला जाणवतो. मग हाल्सचं १६१६चं चित्र, सेंट जॉर्ज नावाच्या दलाचं. पेच तोच, बारा माणसं, पण इथे कोणीतरी नुकतंच दार उघडलंय आणि काही जणांनी वळून पाहिलंय असं वाटतं. दार उघडणारी मीच. एक मांस कापायच्या बेतात आहे, एकाचं बोलणं अर्ध्यावर राहिलंय. तिरपं निशाण धरलेला तरुण उभा आहे. निशाण धरणारा अविवाहित असावा असा दंडक होता, कारण लढाईत पहिला नेम त्याच्यावर असे. हे कळल्यावर त्याच्या रुबाबाकडे मला निराळ्या नजरेने पाहावंसं वाटलं. हाल्स स्वतः याच सेंट जॉर्ज दलात होता. हा साहेब किती गर्विष्ठ आणि तो किती पोटभरू, हे त्याला बाहेरून शोधावं लागलं नसणार.

भाचीला चित्रांचं फारसं वेड नाही, पण ती १६२७च्या चित्रासमोर थांबली आणि एकदम मालवणीत बोलली, "मावशे, हो बघ! बंदरावर मासळीच्या लिलावाक बोली लावणारो बघता ना, तसो बघता." अगदी खरं होतं. त्याच चित्रात मिखील दे वाल नावाचा कप्तान आहे, धंद्याने बिअर गाळणारा. त्याने आपला पेला उलटा धरलाय, संपला म्हणून दाखवायला. एका पेल्यात माणसाचा स्वभाव आला आणि त्या शहराची भरभराटही आली.

मी मात्र गळपट्ट्यांवर अडकले. १६१६मध्ये पुष्कळांच्या गळ्यात जात्याच्या तळीएवढ्या, खळ घालून कडक केलेल्या चुणीदार गोल कॉलरी आहेत. डच भाषेतही त्यांना जात्याच्या दगडावरूनच नाव आहे. अशी कॉलर घातली की मान आपोआप ताठ राहते, हनुवटी वर जाते. १६२७मध्ये खांद्यावर उतरलेल्या लेसच्या कॉलरी जास्त दिसू लागतात आणि माना सैल होतात, माणसं एकमेकांकडे झुकतात. १६६४च्या सुमाराच्या चित्रांत नुसत्या सपाट पांढऱ्या पट्ट्या उरतात. काळ ओळखायला मला तारखेची पाटी वाचावी लागली नाही. आणि हा पांढरा रंग हार्लेमचाच. इथलं लिननचं कापड युरोपभर नावाजलेलं होतं. ते राखेच्या क्षारात आणि आंबट ताकात भिजवून शहराबाहेरच्या कुरणांवर उन्हात पसरत. ताकात धुतलेली कॉलर! मी जवळ जाऊन पाहिली. जवळून ती कॉलर नव्हतीच, पांढऱ्या-करड्या रंगाचे दहा-बारा तिरके फटकारे होते, एकावर एक, ओल्यावर ओले. चार पावलं मागे आले की कापड, पुढे गेले की रंग. कितीदा पुढे-मागे झाले ते मोजलं नाही.

काळ्या रंगाचं तर काय सांगू. आम्ही मुलांना शिकवायचो, सावलीत नुसता काळा लावू नका, चित्र मरतं. आणि इथे माणसं नखशिखान्त काळ्यात असूनही जिवंत. रेशमाचा काळा वेगळा, मखमलीचा वेगळा, वापरून विटलेल्या लोकरीचा आणखी वेगळा. व्हॅन गॉगने १८८५ साली भावाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे आहेत. मी मोजायला लागले आणि नवापर्यंत पोचले.

दुपारी कॉफी घेताना भाचीने फोनवर एक चित्र काढून पुढे केलं. पीटर फान दन ब्रूके. हे चित्र लंडनच्या केनवुड हाउसमध्ये असतं, मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, सुरतेच्या वखारीचा प्रमुख होता. सतरा वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दिलेली सोन्याची साखळी त्याने छातीवर तिरपी घातली आहे. हाल्सने त्याला १६३३च्या सुमारास रंगवलं, म्हणजे वेंगुर्ल्याची परवानगी मिळण्याच्या चारच वर्षं आधी. केस विस्कटलेले, गाल रापलेले, ओठांवर दिलखुलास हसू. साखळी कंपनीची, पण चेहरा त्याचा स्वतःचा आणि आमच्या बाजूच्या उन्हाने भाजलेला. फोनच्या एवढ्याशा पडद्यावरही मी त्याच्याकडे खूप वेळ पाहत राहिले. त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायला आता माझ्याकडे एक चेहरा होता. १६४० साली तो मलाक्यात वारला.

शेवटी त्या दोन चित्रांकडे आलो, ज्यांच्यासाठी मी मनातून घाबरले होते. याच वृद्धाश्रमाचे कारभारी आणि कारभारणी, १६६४च्या सुमाराची चित्रं. तेव्हा हाल्स ऐंशीच्या पलीकडे होता. दहा वर्षांपूर्वी एका पाववाल्याच्या कर्जापायी त्याच्या घरातल्या गाद्या आणि चित्रं अडकली होती. १६६४ साली नगरपालिकेने त्याला वर्षाला दोनशे गिल्डर, म्हणजे तिथली नाणी, आणि जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, मंजूर केलं. कारभाऱ्यांपैकी एकाची टोपी कलंडलेली, चेहरा सैल, नजर हरवलेली. त्यावरून एक गोष्ट पसरली की हाल्स याच आश्रमात राहायचा आणि त्याने दारुड्या कारभाऱ्यांवर सूड उगवला. तो इथे कधीच राहिला नव्हता. टोपी तशी कलती घालायची त्या वेळी पद्धत होती, आणि चेहरा अर्धांगाचाही असू शकेल असं कोणी म्हणतात. मला सुडाची गोष्ट पटत नाही. सूड घेणारा इतक्या सबुरीने पाहत नाही.

कारभारणींचं चित्र अडीच मीटर रुंद आहे. चार बाया, सगळ्या काळ्यात, मागे अंधार. त्यांच्यावर ना दागिना, ना लेस. डावीकडच्या बाईचा हात उताणा आहे, हिशेब मागत असल्यासारखा. उजवीकडे एकीचा हाडकुळा हात मांडीवर पडलेला, बोटं म्हणजे जेमतेम दोन-तीन फटकारे. आयुष्यभर दुसऱ्याची गरज मोजत बसल्यावर माणसाच्या तोंडावर जे येतं ते त्या चेहऱ्यांवर आहे. मला त्या दुष्ट वाटल्या नाहीत, थकलेल्या वाटल्या. अगदी कडेला पाचवी बाई उभी आहे, आश्रमाचं घरकाम पाहणारी, निरोप घेऊन आलेली.

मग मला त्या म्हाताऱ्यांची आठवण झाली ज्यांच्यासाठी हे सगळं होतं. मधल्या चौकाभोवती तीस खोल्या होत्या, एकेका खोलीत दोन जण. साठी उलटलेला, चांगल्या चालीचा हार्लेमकर असेल तरच प्रवेश. येताना बिछाना, उशी घातलेली खुर्ची, तीन कांबळी, सहा चांगले सदरे आणि झोपताना घालायच्या सहा टोप्या आणायच्या. उन्हाळ्यात रात्री आठला आणि हिवाळ्यात सातला दाराला कुलूप. त्यांच्या सदऱ्यांची मोजदाद आपल्यापर्यंत पोचली, पण हाल्सच्या या दोन चित्रांत त्यांच्यातला एकही नाही. वेंगुर्ल्यात जहाजांवर तांदूळ चढवणाऱ्या आमच्या माणसांचेही चेहरे कुणी काढले नाहीत. वखारीच्या भिंतीपाशी मी वलंदेजच शोधत राहिले, त्यांना शोधायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

पिशवीतून वही काढली आणि समोरच्या बाकावर बसून त्या पाचव्या बाईला रेखाटायला घेतलं. चेहरा बरा उतरला. मग कारभारणीचा तो मांडीवरचा हात. तीनदा काढला, तिन्ही वेळा बोटं नीट पुरी केली आणि तिन्ही वेळा हात लाकडाचा झाला. भाची शेजारी येऊन बसली, काही बोलली नाही. चौथ्या वेळी दोन बोटं काढली, तिसऱ्याला नुसती एक रेघ दिली आणि पेन्सिल उचलली. खाली तारीख घातली.