आजारी रजेचा हिशेब

आज सकाळपासून दुपारपर्यंत धाकट्या भावासोबत मडगावच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) रुग्णालयात होतो. तो वेर्ण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या कमरेचा मणका दुखावला आणि डॉक्टरांनी तीन आठवड्यांची विश्रांती सांगितली. दुखण्यापेक्षा त्याला चिंता पगाराची होती, म्हणून रांगेत बसूनच आम्ही हिशेब मांडला. दिवसाला 600 रुपये मिळवणाऱ्याला आजारपणात या विम्यातून 70 टक्के, म्हणजे 420 रुपये मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. पहिले दोन दिवस मात्र सहसा कोरडेच जातात. हे पैसे मिळण्यासाठी आधीच्या ठरावीक सहामाहीत किमान 78 दिवसांची विम्याची वर्गणी भरलेली असावी लागते. भावाची भरली होती, कारण तो कायम कामगार आहे. त्याच्याच शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या कंत्राटी मुलांना अधूनमधून कामावरून काढून पुन्हा घेतात. त्यांचे 78 दिवस भरणार कसे, हे मला अजून उमगलेले नाही.

परतताना आमच्या शेजारच्या काकांची आठवण झाली. ते कोलव्याच्या शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी उपाहारगृहात, आचारी आहेत आणि ऑक्टोबर ते मे या हंगामातल्या कमाईवरच त्यांचा पावसाळा निघतो. गेल्या डिसेंबरात त्यांचा पाय मोडला. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेमुळे शस्त्रक्रियेचा भार हलका झाला, परंतु ती योजना बुडालेली मजुरी देत नाही. ऐन नाताळात त्यांच्या चुलीपाशी दुसराच माणूस उभा राहिला आणि हंगाम संपेपर्यंत तोच तिथे होता.