औषध न मारता घरातले कोळी कमी केले, माझा अनुभव

आमचं घर परभणीत. समोरच्या खोल्या स्लॅबच्या अन् मागं पत्र्याची मोठी खोली, तिथं ज्वारीचे कट्टे, सोयाबीनचं बियाणं, जुनी ट्रंक असं सगळं कोंबलेलं. अशा घरात कोळी नसतील तरच नवल. महालक्ष्म्यांच्या आधी वेळूच्या काठीला फडा बांधून जळमटं काढायची, दसरा काढताना परत एकदा हात फिरवायचा अन् मग वर्षभर वर बघायचंच नाही, ही आमच्या घराची पद्धत.

मागच्या भादव्यात आईच्या मानेवर लाल पट्टा उठला. नुसती आग. दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक बारीक फोड. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी निकाल दिला, "कोळी मुतलाय." झालं, घरात एकच विषय. बायको म्हणली, अहो, आता तरी त्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. बोलावलं. तो आला, टॉर्च मारून सगळे कोपरे बघितले अन् म्हणला पूर्ण घर फवारू, थोडा वेळ बाहेर बसा. मी म्हणलं आईला दमा आहे, तर म्हणे "काही होत नाही भाऊ, बिनवासाचं औषध आहे." आता वास नाही म्हणजे औषध नाही असं थोडंच असतं. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

तसं बघायला गेलं तर आपल्याकडं औषधाची भीतीच नाही कुणाला. शेतातलं उरलेलं पंपात टाकायचं अन् घरात मारायचं, हे मी लहानपणापासून बघितलंय. डायक्लोरव्हॉस नावाच्या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली निघतेच.

मानेचं काय झालं ते सांगतो. त्वचेच्या डॉक्टरांनी बघितलं अन् हसले, म्हणले हे कोळ्याचं कामच नाही. पावसाळ्यात उजेडावर एक बारीक किडा येतो, अर्धा नारिंगी अर्धा काळा, लांबट, मुंगीच वाटतो. तो चावत नाही. मानेवर बसला अन् आपण झोपेत हातानं चिरडला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. असा किडा अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा अन् जागा लगेच साबणानं धुवायची. म्हणजे बदनाम कोळी अन् गुन्हेगार भलताच.

आमचा भाचा इथल्याच कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकलेला. त्याला फोन केला तर तो म्हणला, "मामा, तुम्ही उलटं करायलात. कोळी तुमच्या घरात राहायला नाही आला, जेवायला आलाय. किडे येणं बंद करा, तो आपोआप दुसरं घर बघतो." अन् फवारणीचं त्यानं जे सांगितलं ते मला एकदम पटलं. झुरळ भिंतीवर अंग घासत चालतं अन् आपल्या मिशा, पाय तोंडानं साफ करत राहतं, त्यामुळं भिंतीवरचं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी तसला नाही, तो पायांच्या टोकावर चालतो, जाळ्यात अधांतरी लटकलेला असतो, भिंतीला मारलेलं औषध त्याला लागतंच कुठं. वरून तो खायला न मिळता लई दिवस काढू शकतो.

मग पहिला नंबर दारावरच्या लाइटचा लागला. आमच्या दाराच्या बरोबर डोक्यावर पांढरा एलईडी, दिवस मावळला की तिथं किड्यांचा नुसता धुरळा, अन् दार उघडलं की अर्धे आत. तो काढला, पिवळा बल्ब आणला अन् तो दारावर न लावता गेटच्या खांबावर नेऊन लावला. वायरमनला वाटलं मला काहीतरी झालंय. पण पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात अन् जे येतात ते गेटपाशीच राहतात. खरं सांगतो, सगळ्यात जास्त फरक याच एका कामानं पडला, बाकीचं सगळं याच्या नंतर.

दुसरं म्हणजे कूलर. मराठवाड्यात कूलर नाही असं घर दाखवा, अन् उन्हाळा संपल्यावर तो खिडकीतून काढणारा माणूस दाखवा. आमचा खिडकीतच, बाजूच्या फटीत पुठ्ठा कोंबलेला, मागच्या गवतात अन् जाळीत पावसाळाभर काय काय नांदत होतं देवाला माहीत. काढला, गवत फेकून दिलं, टाकी कोरडी केली, खिडकीला मच्छरजाळी ठोकली. सिंकखालच्या पाइपाभोवतीचं भोक व्हाइट सिमेंटनं बुजवलं, मागच्या दाराखाली रबराची पट्टी मारली.

पत्र्याच्या खोलीनं मात्र घाम काढला. पत्रा भिंतीवर टेकतो तिथं प्रत्येक नाळीखाली एक भोक राहतं, उंदीर सोडून बाकी सगळं त्यातून आत येतं. गवंडी म्हणला सगळं मालानं पॅक करून टाकतो, पण आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, हवा बंद केली तर खोलीची भट्टी होईल अन् बियाण्याचं वाटोळं. म्हणून खालच्या बाजूला माल भरला अन् वरच्या बाजूला हवेसाठी बारीक स्टीलची जाळी दाबून बसवली. वेळखाऊ काम आहे, पण करा.

कोळ्यांची जाळी काढायचं तंत्र पण बदललं. नुसता फडा फिरवला की जाळं फाटतं, कोळी पळतो अन् रात्रीत नवीन विणतो. फड्याला ओलं फडकं गुंडाळायचं, जाळं गोल फिरवून त्याच्यावर गुंडाळून घ्यायचं अन् लगेच साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं. नाकाला रुमाल पाहिजे, अन् आईला त्या दिवशी मावशीकडं पाठवून दिलं होतं. जवळून बघितल्यावर कळलं की ते काडीसारख्या पायांचे कोळी, हात लागला की जाळ्यातच गदगदा हलतात ते, त्यातल्या माद्या अंड्यांचा गोळा चक्क तोंडात धरून बसतात. एक मी चष्मा वर करून बघितली, पारदर्शक पातळ जाळीत बांधलेली गोल गोल अंडी, आरपार दिसत होती. ती एक मादी राहून गेली तर तुमची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आता दर रविवारी बेडरूम अन् स्वयंपाकघराचे कोपरे, पलंगाखाली, देवघराच्या मागं, एवढं तरी करतोच.

आता वासाच्या उपायांबद्दल. मोबाइलवर सगळे तेच सांगतात, पुदिन्याचं तेल, कापूर, लिंबाची साल. लिंबाची साल कोपऱ्यात ठेवली तर तिच्यावर चिलटं आली, म्हणजे कोळ्याला वरून नाष्टा. भाच्यानं सांगितलं की २०१८ ला एक प्रयोग छापून आला होता, त्यात लिंबाच्या तेलाला कोळ्यांनी दाद दिली नाही, पुदिन्याच्या तेलापासून काही जातीचे दूर राहिले. म्हणून पुदिन्याचं तेल पाण्यात घालून फवारून बघितलं. वास होता तोवर बरं होतं, मग उडून गेला अन् कोळी परत. पण खरी अडचण वेगळीच, त्या उग्र वासानं आईला खोकल्याची उबळ आली. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक असं काही नसतं. दम्याचं माणूस घरात असेल तर कापूर अन् तेलं नकोच, साधं साबणाचं पाणी बरं.

एका गोष्टीवर अजून घरात भांडण आहे. मागच्या खोलीत एक मोठा तपकिरी कोळी फिरतो, चपटा, तळहाताएवढा पसारा, जाळं विणत नाही, भिंतीवरून सुसाट पळतो. बायकोला तो दिसला की ती किंचाळते. पण तो झुरळं खातो, माणसाच्या वाटेला जात नाही, म्हणून त्याला मारू दिलं नाही. स्वयंपाकघरात आला तर त्याच्यावर डबा पालथा घालून, खालून वहीचा पुठ्ठा सरकवून परत मागं नेऊन सोडतो.

समोरच्या खोल्यांत आता क्वचित एखादं जाळं दिसतं. मागची खोली साफ निर्मळ होणार नाही, धान्य आहे तिथं किडा येणार अन् त्याच्या मागं कोळी. तिथं महिन्यातून एकदा फडा फिरवतो, अन् कट्टे फळ्यांवर भिंतीपासून हातभर सोडून लावलेत, म्हणजे मागं काठी जाते.