मतदानाच्या आठवड्यात कवरत्ती

लक्षद्वीपच्या राजधानीला, म्हणजे कवरत्तीला, निवडणुकीच्या सुमारास जायचं असेल, तर आधी जहाजाचं बघा. राहायचं, फिरायचं सगळं नंतर. 2024 मध्ये तिथलं मतदान 19 एप्रिलला होतं, ईद होऊन जेमतेम आठवडा उलटलेला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी केरळात राहणारी मंडळी सणाला आणि मताला घरी निघालेली, त्यामुळे कोचीहून तिकीट मिळवताना घाम फुटला. पर्यटकाला प्रवेश परवानाही लागतो. त्यासाठी पोलिसांचा दाखला आपल्या गावातूनच वेळेत काढून ठेवा.

खरा प्रचार मला जहाजावरच ऐकायला मिळाला. शेजारच्या बर्थवरचे काका मोडक्या हिंदीत म्हणाले, "रस्ता नको, पूल नको, जहाज वेळेवर द्या." इथे विधानसभा नाही, त्यामुळे सगळी गाऱ्हाणी एकाच खासदाराच्या पदरात. मतदार सुमारे 58 हजार. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात अठरा-वीस लाख असतात. म्हणून प्रत्येक घराचं मत कुठे जाणार याचा हिशेब गावाला तोंडपाठ. सलग दहा वेळा निवडून आलेले पी. एम. सईद 2004 मध्ये अवघ्या 71 मतांनी पडले, आणि ती गोष्ट लोक अजून काल घडल्यासारखी सांगतात.

2024 मध्ये सामना त्यांचे चिरंजीव हमदुल्ला सईद आणि मावळते खासदार मोहम्मद फैजल यांच्यात होता. फैजल शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे आणि समोर अजित पवारांच्या पक्षाचाही उमेदवार! बारामतीचं भांडण अरबी समुद्रातही भेटलं याची गंमत वाटली. (घड्याळाला शेवटी 201 मतं पडली. हमदुल्ला 2,647 मतांनी जिंकले.)

मतदान शुक्रवारी होतं. सकाळी रांगा, दुपारी जुम्म्याच्या नमाजाला पांगापांग, मग पुन्हा गर्दी. त्या दिवशी जेवणाची सोय आधीच सांगून ठेवावी, दुकानांच्या भरवशावर राहू नये. मतदान केंद्राच्या आसपास कॅमेरा खिशातच ठेवा, आणि कोणाला मत दिलंत हे विचारू नका. जहाजाचा विषय काढलात, तर लोक आपणहून बोलतील. मल्याळमचे चार शब्द येत असतील तर उत्तमच; मिनिकॉय बेटावर मात्र महल नावाची भाषा बोलतात, तिथे तेही पुरत नाहीत.

रोख पैसे जवळ हवेत. दारू विसरा, कवरत्तीला बंदी आहे. बरेचदा मोठं जहाज लगूनबाहेर (बेटालगतच्या उथळ पाण्याबाहेर) थांबतं आणि हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं, म्हणून सामान पाठीवर मावेल इतकंच घ्या. चाकाची बॅग तिथे निव्वळ डोकेदुखी. परतीचं तिकीट मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका, अख्खं बेट तेच मागत असतं. तीन-चार दिवस हाताशी ठेवा, पण मे महिन्याच्या मध्यापर्यंत लांबवू नका. पुढे पावसाळी समुद्र खवळतो आणि फेऱ्या कमी होतात.