बोंबलाचे दात

परवा दुपारी बाजारातून आणलेले सुके बोंबील निवडताना एकाचे तोंड बोटाला लागले आणि चांगला ओरखडा उठला. चष्मा लावून पाहिले, तर वाळून काडी झालेल्या त्या माशाच्या जबड्यात आत वळलेल्या, सुईसारख्या दातांची दाटी होती. इतकी वर्षे मी बोंबलांची मुंडकी मोडत आलो. तोंड उघडून पाहावे असे कधी सुचले नव्हते.

आम्ही सांगलीकर. कृष्णेतली मरळ आणि वाम आम्ही तडफडताना पाहिली होती, पण बोंबील म्हणजे पोत्यावर ढीग मांडून विकायची वस्तू. आजोबा माळकरी असल्यामुळे आजी ते अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर भाजत असे आणि आजोबा ओसरीचे दार लावून घेत. वास मात्र माळ पाळत नसे. हा मासा जिवंतपणीही असाच ताठ आणि तपकिरी असणार, ही माझी समजूत नोकरीसाठी मुंबईला जाईपर्यंत टिकली.

तिथल्या पाटीत पडलेला ओला बोंबील पाहून मी त्याला ओळखलेच नाही. अंगात सुमारे ९० टक्के पाणी असल्यामुळे तो अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत, काटा मऊ, खवले बहुतेक मागच्या अर्ध्या अंगावरच, आणि शेपटीला दोनऐवजी तीन पाती. असा हा गलितगात्र दिसणारा प्राणी प्रत्यक्षात मोठा अधाशी शिकारी असून जवळा, कोळंबी आणि प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लेही गिळतो. पकडलेले सुटू न देणारा तो जबडा कोळ्यांनी बरोबर हेरला आहे: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी ते वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या उभ्या मांडणीवर, उन्हात टांगतात.

गंमत म्हणजे सांगलीहून आंबा घाट उतरून सरळ गेल्यावर जे रत्नागिरी लागते, त्याच्या दक्षिणेला हा मासा विरळ होत जातो आणि पुढे थेट बंगालच्या उपसागरात पुन्हा विपुल भेटतो. म्हणजे आजीच्या तव्यावरचे बोंबील आमच्या समोरच्या समुद्रातले नसून बहुधा पार वसई-सातपाटीकडून आलेले असणार.

मुंडकी मांजरीपुढे टाकली. तिने दातांची मुळीच दखल न घेता ती संपवली. मला मात्र ओरखड्यावर मिरची झोंबू लागल्याने ठेचा मुलाला कुटायला सांगावा लागला, आणि त्याने मीठ विसरले.